राखाडी अनुशेष: 176 न रंगवलेल्या सैनिकांचे प्रकरण

ज्या दिवशी मी सगळी खोकी उघडून पहिल्यांदा नीट मोजणी केली, त्या दिवशी माझ्याकडे टेबलटॉप युद्धखेळांचे, म्हणजे टेबलावर मांडून खेळायच्या लढायांचे, एकूण 187 छोटे सैनिक निघाले आणि त्यांपैकी पूर्ण रंगवलेले फक्त 11 होते. चार वर्षांचा हा हिशेब होता. उरलेल्या 176 पैकी 74 अजून स्प्रूवरच होते, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीतून कापलेलेही नव्हते. 31 जोडून झाले होते, पण त्यांना प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, लागला नव्हता. 28 प्राइमर मारून ठेवलेले होते. आणि 43 अर्धवट रंगवलेले होते. कोणाचा झगा लाल झालेला आणि हात राखाडीच, कोणाची ढाल चकचकीत आणि चेहरा कोरा. पुढच्या 14 महिन्यांत या 176 सैनिकांचे काय झाले, कोणते उपाय फसले आणि फरक नेमका कशाने पडला, याची ही नोंद आहे. ती एकाच माणसाच्या एकाच टेबलाची असल्यामुळे सर्वांना लागू पडेल असा माझा दावा नाही. मात्र ज्यांच्या कपाटात असाच ढीग आहे, त्यांना यातले काही आकडे ओळखीचे वाटतील.

असा ढीग साठण्यात रंगवणाऱ्याच्या आळसापेक्षा या छंदाच्या व्यवहाराचा वाटा मोठा असतो. सैनिक बहुधा सुटे मिळत नाहीत. एका खोक्यात पाच, दहा, वीस असे येतात. खोके विकत घ्यायला पाच मिनिटे पुरतात, त्यातले दहा सैनिक कापून, घासून, चिकटवायला एखादी संध्याकाळ जाते आणि रंगवायला दोन-तीन आठवडे लागतात. लोकवर्गणीच्या मोहिमांनी हे अंतर आणखी वाढवले. रीपर या कंपनीच्या 2012 मधील ‘बोन्स’ मोहिमेत 17 हजारांहून अधिक लोकांनी मिळून 34 लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमा केली आणि शंभर डॉलरच्या गटात पैसे भरणाऱ्याच्या वाट्याला दोनशेहून अधिक आकृत्या आल्या. दोनशे आकृत्या रंगवणे म्हणजे काय, याचा अंदाज पैसे भरताना फार थोड्यांना असावा. माझा ढीग त्या मोहिमेतला नव्हता, पण त्याची घडण तीच होती. मोजणीच्या आधीच्या 12 महिन्यांत मी 52 नवे सैनिक घरी आणले होते आणि सात पूर्ण केले होते.

या परिस्थितीचे निदान मी आधी दोन प्रकारे करून पाहिले होते आणि दोन्ही चुकले. पहिले निदान नेहमीचेच होते, ते म्हणजे वेळ मिळत नाही. ते तपासण्यासाठी मी चार आठवडे टेबलापाशी घालवलेल्या वेळेची नोंद ठेवली. ती भरली 19 तास, म्हणजे वेळ मिळत नव्हता असे म्हणायला जागाच उरली नाही. त्यांपैकी पाच तास नवे सैनिक जोडण्यात, चार तास साच्यामुळे उमटलेल्या रेषा घासणे आणि प्राइमर यांत, आणि साडेतीन तास रंगांच्या बाटल्या लावणे, छटा ठरवणे व दुसऱ्यांची रंगवण्याची पद्धत पाहणे यांत गेले होते. ब्रश प्रत्यक्ष सैनिकाला टेकला होता तो साडेसहा तास, आणि तेवढ्या वेळात मी 14 वेगवेगळ्या सैनिकांवर थोडेथोडे काम केले होते. पूर्ण झालेला सैनिक एकही नव्हता. नंतर कळले की खेळायला पुरेशा दर्जाचा एक साधा पायदळी सैनिक रंगवायला मला सुमारे एक तास वीस मिनिटे लागतात; म्हणजे त्याच साडेसहा तासांत चार-पाच सैनिक सहज हातावेगळे झाले असते.

दुसरे निदान प्रेरणेच्या अभावाचे होते आणि ते अधिक पटण्यासारखे होते, कारण अर्धवट सैनिकांकडे पाहिले की खरोखरच मन उडायचे. पण प्रेरणा नसेल तर माणूस नवा सैनिक हातात घेणार नाही, आणि मी तर दर आठवड्याला नवा हातात घेत होतो. माझ्याबरोबर नियमित खेळणारा एक मित्र आहे. त्याने स्वतःचे अख्खे सैन्य तीन रंगांत, कसलीही नजाकत न दाखवता, पण पूर्ण रंगवले आहे. एकदा खेळाच्या आधी मी माझे अर्धे राखाडी पथक मांडत असताना त्याने एक सैनिक उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “अरे, तू रंगवत नाहीस, तू नुसती सुरुवात करतोस.” मी आरंभशूर आहे हे मला ऐकवणारा तो पहिला नव्हता, मात्र हे वाक्य निदान म्हणून तपासून पाहावे असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले.

तपासण्याची रीत अगदी साधी होती. 43 अर्धवट सैनिक मी एका फळीवर ओळीने उभे केले आणि प्रत्येकाच्या पायाशी एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर एवढेच लिहायचे होते की याचे घोडे नेमके कुठे अडले. या कामाला एक दुपार लागली आणि संपूर्ण प्रकरणातली सर्वांत उपयोगी दुपार तीच ठरली. 17 चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता, ‘डोळे’. 12 वर ‘कोणता रंग वापरला ते आठवत नाही’ असे होते. नऊ सैनिकांवर काही ना काही चूक झाली होती आणि ती दुरुस्त करायची राहिली होती. उरलेल्या पाचांच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर एवढेच होते की तो सैनिक मला आता आवडत नाही. वेळ हे कारण एकाही चिठ्ठीवर आले नाही. प्रेरणा हा शब्दही आला नाही, आणि याचे मला स्वतःलाच आश्चर्य वाटले.

आधी डोळ्यांचे पाहू, कारण सर्वांत मोठा गट तोच होता. हे सैनिक 28 मिलिमीटर प्रमाणाचे आहेत, म्हणजे ढोबळमानाने उभ्या माणसाची पायापासून डोळ्यांपर्यंतची उंची 28 मिलिमीटर. हिशेबाला साठास एक हे प्रमाण धरले, तर माणसाच्या डोळ्याची साधारण तीन सेंटिमीटरची फट या सैनिकावर अर्ध्या मिलिमीटरची होते, आणि त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये पांढरा, त्यावर काळा ठिपका आणि तोही दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेला, असे आपण करू पाहतो. प्रत्यक्षात मिनिएचर थोडी फुगवून घडवलेली असतात, डोकी आणि हात प्रमाणाबाहेर मोठे असतात, त्यामुळे एवढे वाईट नसते. तरीही ब्रशच्या टोकावरचा रंग बुबुळापर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो, हात जरा हलला तर सैनिक तिरळा होतो आणि ते पुसताना गालाचा रंग जातो. मी 17 वेळा या कड्यापाशी येऊन थांबलो होतो. आता ज्या अंतरावरून हे सैनिक पाहिले जातात, ते अंतर बघा. खेळताना टेबल आणि डोळा यांत हातभर अंतर असते आणि तेवढ्यावरून डोळ्यांच्या खोबणीत असतो फक्त एक गडद ठिपका. तो ठिपका तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत साठणारा पातळ रंग, खोबणीत सोडला की आपोआप मिळतो. त्यामुळे साध्या सैनिकांना डोळे काढायचे नाहीत, फक्त वॉश सोडायचा, आणि डोळे रंगवायचे ते सेनापती, मांत्रिक अशा मोजक्यांना, असे मी ठरवले. एका संध्याकाळी 17 पैकी 13 सैनिकांच्या चेहऱ्यांवर वॉश सोडून झाला. चार वर्षांचे भिजत घोंगडे ज्या कारणाने पडून होते, ते कारण हातभर अंतरावरून दिसतही नव्हते!

विसरलेल्या रंगांच्या 12 सैनिकांचा प्रश्न वेगळा होता. दोन वर्षांपूर्वी मी एका पथकाच्या झग्यासाठी दोन लाल आणि एक तपकिरी अशी छटा मिसळली होती. पाच झगे झाले, सहाव्याला मिश्रण संपले आणि पुन्हा तसे जमले नाही. मिसळलेला रंग एका पथकाला पुरतो की नाही हे आधी कळत नाही, म्हणून पायदळासाठी मिश्रण करायचेच नाही, बाटलीतलाच रंग वापरायचा, असा नियम मी तेव्हापासून केला. शिवाय प्रत्येक पथकाची कृती एका वहीत लिहू लागलो: प्राइमर कोणता, कातडी पट्ट्याला कोणता तपकिरी, धातूवर कोणता वॉश, बेसवर, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर, कोणती वाळू. पहिल्या सैनिकाच्या बेसच्या खालच्या बाजूला वहीतला पान क्रमांक लिहितो, म्हणजे वही आणि सैनिक यांची ताटातूट झाली तरी जोडी लागते. त्या 12 सैनिकांचे झगे मात्र जुळवायच्या नादी लागलो नाही. सगळ्यांवर तोच एक तपकिरी वॉश फिरवला. छटांतला फरक अर्धा तरी झाकला गेला.

चुकांचे नऊ सैनिक पटकन निकालात निघाले. पाच सैनिकांची चूक बाजूच्या रंगाने झाकता आली. तिघांवर रंगाचे थर इतके जाड झाले होते की चिलखताचे कोरीव काम बुजले होते, त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केले आणि पुन्हा प्राइमर मारला. आणि एकाची चूक तशीच ठेवली. ती अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही.

चिठ्ठ्यांनी कारणे दाखवली, पण एक आकडा त्यांच्यातून मिळत नव्हता आणि तो मला रांगांच्या गणितात सापडला. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती गोष्टी मध्ये अडकलेल्या आहेत, हे त्यातून बाहेर पडण्याचा दर आणि प्रत्येक गोष्ट आत घालवत असलेला सरासरी काळ यांचा गुणाकार असतो. माझ्या टेबलावर ‘मध्ये’ असलेले सैनिक 28 आणि 43 मिळून 71 होते आणि बाहेर पडण्याचा दर वर्षाला सात होता. भागाकार केला तर काळ येतो दहा वर्षांहून थोडा अधिक. हा नियम आवक-जावक स्थिर असलेल्या व्यवस्थेला लागू होतो आणि माझी व्यवस्था तशी नव्हती, त्यामुळे दहा हा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. पण ‘आज प्राइमर मारलेला सैनिक या गतीने दहा वर्षांनी फळीवर उभा राहील’ हे वाक्य वहीत लिहिल्यावर प्राइमरचा डबा उचलायला हात धजेना. आणि नेमके तेच हवे होते. हाच नियम उलटा वाचला, तर मध्ये अडकलेल्यांची संख्या पाचवर आणली आणि महिन्याला पाच पूर्ण केले, की प्रत्येकाचा मुक्काम महिनाभराचा होतो.

म्हणून मी एक ट्रे घेतला, त्यावर पाच सैनिकांची जागा आखली आणि ठरवले की रंग लागेल तो फक्त ट्रेवरच्यांना. उरलेले 66 झाकणाच्या खोक्यात गेले. ते फेकले नव्हते, पण दिसतही नव्हते. ट्रेवरचा एक पूर्ण झाला की खोक्यातून एक यायचा आणि येताना आधी अर्धवट असलेल्याचाच नंबर लागायचा.

पाच हा आकडा मात्र शुभ म्हणून निवडलेला नव्हता. त्याआधी मी एकदा 20 सैनिक एकदम, कारखान्यासारखे, रंगवायचा प्रयत्न केला होता. अनेक जण तो सुचवतात आणि कागदावर तो उत्तम दिसतो: एक रंग उघडायचा, वीसही जणांचे पट्टे करायचे, मग दुसरा रंग. त्या पथकातल्या प्रत्येकाच्या कमरेला तीन थैल्या होत्या, म्हणजे साठ थैल्या, सगळ्या एकाच तपकिरी रंगाच्या आणि प्रत्येक थैलीच्या चार कडा झग्याला न लावता रंगवायच्या. बाराव्या सैनिकापर्यंत माझा हात निव्वळ पाट्या टाकू लागला होता, पंधराव्याला थैली आणि पट्टा यांतली सीमाच पुसली गेली, आणि दोन संध्याकाळींनंतर फळीवर 20 सैनिक होते ज्यांच्या अंगावर केवळ थैल्या होत्या. ते 20 जण पुढे दीड वर्ष तसेच होते. उलट एकेकटा सैनिक रंगवला, तर प्रत्येक थर वाळण्याची वाट बघत बसावे लागते. या दोन टोकांमधला आकडा वाळण्याच्या वेळेवरून निघतो. ॲक्रिलिक रंगाचा पातळ थर काही मिनिटांत हात लावण्याजोगा होतो. एका सैनिकाच्या एका रंगाला मला तीन-चार मिनिटे लागतात. म्हणजे पाचव्याचा रंग लावून होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे गेलेली असतात आणि पहिला पुढच्या थराला तयार असतो. तीन घेतले तर कधी कधी थांबावे लागते, आठ घेतले तर विनाकारण कंटाळा येतो. वॉशला याहून बराच जास्त वेळ लागतो, म्हणून वॉश नेहमी बैठकीच्या शेवटी सोडायचा आणि उठायचे. ज्याचा रंग लवकर वाळतो किंवा हात जलद चालतो, त्याचा आकडा वेगळा निघेल.

ट्रेपेक्षाही मोठा बदल ‘पूर्ण’ या शब्दाच्या व्याख्येने घडवला. जोसेफ न्यून्स आणि झाविएर ड्रेझ यांचा 2006 मधील एक प्रयोग आहे. गाड्या धुण्याच्या केंद्रावर ग्राहकांना शिक्क्यांची कार्डे दिली. काहींच्या कार्डावर आठ रिकाम्या चौकटी होत्या. इतरांच्या कार्डावर दहा होत्या, पण दोन शिक्के आधीच मारलेले होते. दोघांनाही आठ वेळाच गाडी धुवायची होती, तरीही पहिल्या गटातील 19 टक्के आणि दुसऱ्यातील 34 टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले. सुरुवात झालेली दिसली की माणूस शेवटाकडे ओढला जातो, असा त्याचा अर्थ लावला जातो. मग माझ्या 43 अर्धवट सैनिकांनी मला चार वर्षे का ओढले नाही? विचार केल्यावर उत्तर सापडले. माझ्या कार्डावर शिक्के भरपूर होते, पण एकूण चौकटी किती, हे छापलेलेच नव्हते. चिलखताच्या कडा उजळल्या की आणखी उजळता येतात, झग्याला आणखी एक छटा देता येते, बेसवर गवत, मग पाने, मग खडक. सैनिक कधी संपला हे सांगणारे कोणीच नव्हते.

वॉरहॅमर 40,000 या खेळाच्या 2020 मधील नवव्या आवृत्तीने ‘बॅटल रेडी’ दर्जाचे रंगवलेले सैन्य आणणाऱ्याला दहा गुण देऊ केले. दर्जा माफक होता: मुख्य भाग रंगवलेले, थोडी छटा दिलेली आणि बेस पूर्ण केलेला. मित्राचे तीन रंगांतले सैन्य त्या दर्जात बसत होते, माझे चार वर्षांचे बारीक काम बसत नव्हते. मी त्यावरून माझ्या वहीत सहा चौकटी आखल्या: प्राइमर, मुख्य रंग, वॉश, एकदा उजळणे, बेस, वार्निश. सहावी चौकट भरली की सैनिक फळीवर जातो आणि पुन्हा ट्रेवर येत नाही, त्याच्यात कितीही उणे दिसले तरी. हा शेवटचा भाग पाळणे सर्वांत जड गेले आणि पहिल्या महिन्यात मी तो दोनदा मोडला, हेही नोंदवतो.

रंगवण्याच्या पद्धतीतही बदल केला, तो थोडक्यात असा. काळ्या प्राइमरवर राखाडी आणि मग पांढरा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने घासायचा, म्हणजे उंचवटे उजळतात आणि खाचा काळ्या राहतात. मग त्यावर पारदर्शक, वाहता रंग एकदाच द्यायचा. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने 2019 मध्ये ‘कॉन्ट्रास्ट’ नावाने असे रंग आणल्यापासून ही पद्धत पसरली. हा रंग खाचांत साठून गडद होतो आणि उंचवट्यांवर पातळ राहतो, त्यामुळे मुख्य रंग आणि छटा एकाच फेरीत होतात. दोष असा की रणगाडा किंवा मोठा सपाट झगा यांवर डाग पडतात, आणि रंग पारदर्शक असल्याने रेषेबाहेर गेलेला थेंब वरून झाकता येत नाही, आधी पांढरा लावून ती जागा पुन्हा करावी लागते. केसाळ, चुण्या असलेल्या, खडबडीत सैनिकांना ही पद्धत वरदान आहे. गुळगुळीत चिलखतवाल्यांना मी अजून जुन्याच पद्धतीने रंगवतो.

अंदाजांबद्दल एक अनुभव सांगायला हवा. सुरुवातीला एका सैनिकाला 45 मिनिटे लागतील असे मी धरले होते, लागली 80. 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारले होते. सरासरी अंदाज 33.9 दिवसांचा आला आणि प्रत्यक्षात 55.5 दिवस लागले. माझी चूक त्यांच्याहून थोडी मोठीच होती, पण जातकुळी तीच. हुकलेल्या अंदाजाने वेळ वाया जात नाही, तो मन खट्टू करतो, कारण 80 मिनिटांत झालेला उत्तम सैनिकही 35 मिनिटे उशिरा आलेला वाटतो. अंदाज दुप्पट करून लिहू लागल्यावर बहुतेक सैनिक वेळेआधी येऊ लागले. ही स्वतःचीच फसवणूक आहे हे मला कळते; तरी ती चालते.

सहाव्या महिन्यात मोठी खीळ बसली. पूर्ण होत आलेल्या सहा सैनिकांवर मी मॅट वार्निशचा फवारा मारला. हवेत दमटपणा होता, डब्यावर तशा हवेत वापरू नये अशी सूचना होती आणि मी ती वाचली होती. पण सहावी चौकट भरायची घाई झाली होती. सकाळी सहाही जण पांढरट धुक्यात उभे असल्यासारखे दिसत होते. काळा झगा राखेचा झाला होता, लाल ढाल गुलाबी. त्यानंतर पाच आठवडे मी टेबलाकडे फिरकलो नाही. ते धुके चकाकीच्या वार्निशचा एक थर ब्रशने दिल्यावर बरेचसे विरले आणि वर ब्रशनेच मॅट वार्निश लावल्यावर चकाकीही गेली; दुरुस्तीला प्रत्यक्षात एक तास पुरला. मधले पाच आठवडे दुरुस्तीसाठी गेलेच नव्हते. चूक बघायचे धैर्य होईना म्हणून गेले. पुन्हा सुरुवात झाली तीही निश्चयाने नव्हे. मित्राबरोबरचा खेळ ठरला होता आणि ते पथक त्या खेळात लागणार होते. ठरलेल्या तारखेचा खेळ हे जगातले सर्वांत परिणामकारक वार्निश आहे, असे मी त्याला म्हणालो, तर तो म्हणाला, “मग दर महिन्याला खेळूया ना.” तेव्हापासून आम्ही तसे खेळतो.

खरेदीचे सांगायचे तर पूर्ण बंदी मी घालून पाहिली आणि ती सात आठवडे टिकली. आठव्या आठवड्यात बंदी मोडली ती एकदम दहा सैनिकांच्या खोक्याने, कारण बंदी मोडायचीच तर नीट मोडावी अशी बुद्धी झाली. नंतर नियम सैल केला. जितके पूर्ण, त्याच्या निम्म्याने नवे, तेही मागच्या तीन महिन्यांच्या हिशेबावर. शिवाय स्प्रूवरचे 33 आणि नावडते पाच असे 38 सैनिक नवख्या खेळाडूंना देऊन टाकले. देताना वाईट वाटेल असे वाटले होते, तसे काही झाले नाही.

14 महिन्यांचा हिशेब असा. 176 पैकी 38 दिले, 18 नवे आणले, 61 पूर्ण झाले, म्हणजे 95 उरले. पूर्ण झालेल्या 61 पैकी 38 जुने अर्धवट होते आणि 23 प्राइमर मारून पडलेले. वर्षाला सात हा दर महिन्याला सरासरी चारांच्या वर गेला, ठरवलेल्या पाचाला मात्र तो पोहोचला नाही. सरासरी फसवी आहे हेही सांगतो, कारण पाच आठवडे शून्य आणि खेळाच्या आधीच्या आठवड्यात सहा, असे ते होते. पूर्ण झालेल्यांचा दर्जा पहिल्या 11 पेक्षा थोडा खाली आहे. ते 11 मी जवळून दाखवायला आजही काढतो, हे 61 दाखवायला नव्हे, खेळायला बाहेर पडतात.

झाकणाचे खोके आता रिकामे झाले असून ‘मध्ये’ असलेले सैनिक तेवढे पाच, ट्रेवरचेच आहेत. यानंतर बाहेर येतील ते जोडून ठेवलेले 31, ज्यांना अजून प्राइमर लागायचा आहे. पूर्वी हवा कोरडी मिळाली की मी फवाऱ्याने पंचवीस-तीस जणांना एकदम प्राइमर मारून टाकायचो, आणि त्या दिवशी मोठे काम झाले असे वाटायचे. ते 28 जण तसेच जमले होते. या वेळी ब्रशने लावायच्या प्राइमरची बाटली आणली आहे. पाच जणांना तो लावायला वीस मिनिटे लागतात आणि हवेची वाट बघावी लागत नाही. ट्रेवरच्या पाचांपैकी चौघांचे वार्निश बाकी आहे. पाचवी एक मांत्रिक आहे, तिला डोळे रंगवायचे आहेत, आणि तिच्या चिठ्ठीवर तोच शब्द आहे.